लाइटहाउस कीपर: सिलॅबल किती, आणि शब्द तोडायचा कुठं?

प्रश्न म्हापशाहून आला आहे. मुलगी नववीत, प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेलं. इंग्रजीच्या वहीत 'लाइटहाउस कीपर' (दीपस्तंभ सांभाळणारा) या जोडशब्दाचे सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, पाडायला दिले होते. तिनं नऊ पाडले, शिकवणीच्या बाईंनी पाच सांगितले आणि मोबाइलवरच्या शब्दकोशात ठिपके भलत्याच जागी दिसले. पालकांना तीन गोष्टी हव्या आहेत: सिलॅबल नेमके किती, 'लायठाउस' असा उच्चार चालतो का, आणि ओळीच्या शेवटी जागा संपली तर शब्द कुठं तोडायचा.

उत्तर आधी देऊन टाकू. सिलॅबल चार: लाइट्, हाउस्, की, पर्. मुख्य जोर 'लाइट्'वर, त्याहून हलका 'की'वर, बाकीचे दोन मऊ. 'लायठाउस' चालत नाही. ओळ संपलीच तर पहिली पसंती 'लाइटहाउस' आणि 'कीपर' यांच्या मध्ये. तिथं जमत नसेल तर 'लाइट' आणि 'हाउस' यांच्या मध्ये. आग्वादचा १८६४ सालचा दीपस्तंभ बघायला गेलात तर पाटी वाचतानाही हाच हिशेब लागू.

मुलीचे नऊ कुठून आले ते सहज दिसतं. शब्द देवनागरीत लिहिला आणि अक्षरं मोजली: ला, इ, ट, हा, उ, स, की, प, र. ओव्या-अभंगांची अक्षरं मोजायची आपली सवय इथं नडते. अभंग गाताना प्रत्येक अक्षरामागे स्वर धरतात, त्यामुळे तिथं अक्षर आणि सिलॅबल जवळपास एकच होतात. इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवला की दोन घोटाळे होतात. 'आइ', 'आउ' हे एका दमात सरकणारे जोडस्वर कागदावर दोन अक्षरांत फुटतात, आणि शेवटचं व्यंजन पाय न मोडता लिहिल्यामुळे 'ट', 'स' यांनाही स्वर असल्याचा भास होतो. खरं तर बोलताना आपण मराठीतही अक्षरं मोजत नाही. 'गावकर' लिहायला चार अक्षरं, बोलायला दोनच तुकडे: गाव्-कर्. 'शिरोडकर' पाच अक्षरांचं, बोलताना तीन: शि-रोड्-कर्. म्हणून मोजायचे ते कानाला ऐकू येणारे स्वर. जेवढे स्वर तेवढे सिलॅबल, आणि जोडस्वर एकच धरायचा.

बाईंच्या पाचमागे 'हाउस'च्या स्पेलिंगमधला शेवटचा ई आहे. तो मुका आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण शब्दाच्या टोकाला. जोडशब्दात तोच ई मध्ये येतो आणि डोळा फसतो: हाउ-से-की-पर. नियम असा की सुट्या शब्दात मुका असलेला ई जोडशब्दाच्या पोटातही मुकाच राहतो. 'लाइफगार्ड' दोन सिलॅबलचा, 'समथिंग' दोनचा, 'पाइनॲपल' तीनचा. 'समथिंग'चं स्पेलिंग एस-ओ-एम-ई असं सुरू होतं म्हणून 'सो-मे-थिंग' म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना नियम सांगण्यापेक्षा जोडाच्या जागी पेन्सिलीनं उभी रेघ मारायला लावावी. रेघेच्या डावीकडचा शब्द त्यांना आधीपासून येतच असतो.

मोजायला टाळ्यांपेक्षा हनुवटी बरी. टाळी आपली मुलं अक्षरागणिक वाजवतात आणि पुन्हा नऊवर येतात. हाताची पालथी बाजू हनुवटीखाली टेकवून शब्द सावकाश म्हणायचा आणि जबडा किती वेळा खाली येतो ते बघायचं. 'लाइट्'ला एकदा, 'हाउस्'ला एकदा. ही युक्ती एका जागी तोकडी पडते: 'पाइनॲपल'सारख्या शब्दात शेवटचा सिलॅबल एकटा 'ल्' पेलतो आणि जबडा जेमतेम हलतो. तिथं कानावर विसंबावं. 'फायर', 'आवर' हे एक सिलॅबल की दोन यावर शब्दकोशांतच एकमत नाही. 'फायरमन'ला कुणी मार्क कापले तर खुशाल वाद घालावा.

आता सांधा, म्हणजे जोडशब्दातले दोन शब्द जुळतात ती जागा. 'लाइटहाउस'च्या स्पेलिंगमध्ये जी, एच, टी, एच अशी चार व्यंजनं ओळीनं येतात आणि खरी अडचण तिथंच आहे. पहिले दोन मुके. उरलेले टी आणि एच शेजारी दिसले की त्यांना 'थ' वाचण्याची सवय झालेली असते, म्हणून 'लाय-थाउस'. पण हे टी आणि एच दोन वेगळ्या घरचे आहेत. टी डावीकडच्या शब्दाचा, एच उजवीकडच्याचा. सांधा ओळखायची रीत सोपी आहे: रेघ मारल्यावर दोन्ही बाजूंना अर्थाचा पुरा शब्द उरला पाहिजे. 'लाय' आणि 'थाउस' असे शब्द नाहीत, 'लाइट' आणि 'हाउस' आहेत. पावसाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत रोज दिसणारा 'पॉटहोल' घ्या. तिथंही टी आणि एच शेजारी आहेत, पण भांडं आणि खड्डा या दोन शब्दांमधून सांधा जातो, म्हणून 'पॉथोल' नव्हे. 'लूपहोल', 'अपहिल' यांत पी-एच आहे, तरी 'फ' होत नाही.

इथपर्यंत डोळ्याची चूक झाली. जिभेची चूक वेगळी आहे आणि ती जास्त चिवट. स्पेलिंग न बघता, नुसतं ऐकून शिकलेला माणूसही 'लायठाउस' म्हणतो, 'पॉठोल' म्हणतो, 'क्लभाउस' म्हणतो. कारण मराठीकडे ठ, भ, घ, ढ तयार आहेत. व्यंजनामागे 'ह' आला की आपली जीभ दोघांना एकत्र करून महाप्राण बनवते. संस्कृत संधीत शाळेपासून हेच गिरवलेलं असतं: उत् अधिक हार म्हणजे उद्धार. मराठी बोलतानाही 'एकहाती'चं घाईत 'एखाती' होतं. इंग्रजीत ठ आणि भ ही स्वतंत्र अक्षरं नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला 'क्लभाउस'मधला भ कळत नाही आणि सांधा कुठं होता हेही हरवतं. 'गेस्टहाउस' हा शब्द आपल्याकडे गल्लोगल्ली लिहिलेला आहे. तो 'गेस्ठाउस' झाला की परदेशी पाहुणा एकदा 'काय?' विचारणारच.

घरी कोंकणी बोलणाऱ्यांत चूक उलट बाजूनं येते. काही बोलींत 'ह' विरळ होतो, 'हांव'चं 'आंव' ऐकू येतं, आणि मग 'लायटाउस', 'पॉटोल'. एका वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतात, आणि गंमत म्हणजे उपाय दोघांना एकच आहे. 'लाइट्' म्हणताना जीभ दातांमागच्या उंचवट्याला लावायची (मराठी 'ट'सारखी मागं वळवायची नाही) आणि तिथंच थांबवायची. टी फोडायचा नाही. हवा अडलेली असतानाच पुढचा सिलॅबल नव्या श्वासानं सुरू करायचा: हाउस्. तोंडासमोर तळहात धरला तर फरक कळतो. 'ठाउस'ला हवेचा एकदम फटका बसतो, 'लाइट्-हाउस्'ला मऊ झुळूक येते, आणि 'ह' गाळला तर काहीच येत नाही. आधी मध्ये चांगला सेकंदभर थांबून म्हणावं, मग थांबा कमी करत आणावा. थांबा नाहीसा झाला तरी टी न फुटता राहिला पाहिजे.

सांधा ऐकू येतो हे कुणाला पटत नसेल तर 'नाइट्रेट' आणि 'नाइट रेट' एकापाठोपाठ म्हणून बघा. अक्षरांचे आवाज तेच, क्रमही तोच. खताच्या 'नाइट्रेट'मध्ये टी आणि आर एका सिलॅबलच्या सुरुवातीला चिकटतात आणि जवळपास 'च्र'सारखे ऐकू येतात. हॉटेलच्या 'नाइट रेट'मध्ये टी डावीकडं अडून राहतो आणि आर मोकळा सुरू होतो.

सांध्यावर एकच व्यंजन दोन्हीकडून आलं, जसं 'बुककेस' किंवा 'लॅम्पपोस्ट', तर ते दोनदा फोडायचं नाही. एकदा धरून, जरा लांबवून सोडायचं. 'पक्का' म्हणताना आपण हेच करतो, त्यामुळे हे शिकवावं लागत नाही.

शब्दकोशातल्या ठिपक्यांचं काय? अमेरिकन शब्दकोशांत मूळ शब्दात जे ठिपके असतात ते ओळ तोडण्यासाठी असतात, उच्चारासाठी नव्हेत. उच्चार त्याच्या शेजारी तिरप्या रेघांत किंवा कंसात वेगळा दिलेला असतो. दोन्ही नेहमी जुळत नाहीत. 'कीपर'चा ठिपका 'कीप' आणि 'अर' यांच्या मध्ये असतो, कारण 'कीप' हे मूळ क्रियापद आणि 'अर' हा प्रत्यय. कानाला मात्र की-पर् असंच ऐकू येतं, कारण दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडं सरकतं. 'हाउसकीपिंग'ही तसंच: कागदावर कीप-इंग, कानाला की-पिंग. म्हणून परीक्षेत प्रश्न नीट वाचावा. उच्चाराचे सिलॅबल मागितले असतील तर की-पर्, स्पेलिंगची विभागणी मागितली असेल तर के-ई-ई-पी आणि ई-आर. तुकड्यांची संख्या दोन्हीकडं सारखीच येते, भांडण फक्त पी कुणाचा यावर असतं.

हे सरकणं प्रत्ययापाशी होतं, दोन शब्दांच्या सांध्यापाशी होत नाही. 'हाउस'चा एस 'कीपर'ला चिकटून 'हाउ-स्कीपर' होत नाही, जरी 'स्की'नं सुरू होणारे इंग्रजी शब्द भरपूर असले तरी. टाइपसेटिंगमध्येही तेच पाळतात: आधी मोठा सांधा, मग छोटा सांधा, आणि प्रत्ययाची दोन अक्षरं एकटी पुढच्या ओळीवर शक्यतो टाकायची नाहीत.

जोराकडं येऊ. मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपण जोडशब्दाचे दोन्ही भाग सारख्याच वजनानं म्हणतो, नाहीतर शेवटच्या भागावर रेलतो: 'स्विमिंग पूऽल', 'बस स्टॉऽप', 'फेरी बोऽट'. इंग्रजी जोडनामात वजन पहिल्या भागावर जातं. पहिला भाग जरा उंच, जरा लांब, दुसरा खाली उतरलेला. दोन शब्द सुटे लिहिलेत की जोडून, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'स्विमिंग पूल' सुटा लिहितात, जोर तरी 'स्विम्'वर.

फरक न पाळल्यास काय बिघडतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण प्रश्नातल्या शब्दातच दडलेलं आहे. जोर 'लाइट्'वर ठेवलात तर दीपस्तंभ सांभाळणारा. तोच जोर 'हाउस्'वर नेलात तर 'लाइट' हे विशेषण होतं आणि 'हाउसकीपर' हा जोडशब्द: हलक्या अंगाची, किंवा हलकीसलकी घरकामं करणारी बाई. नोकरीच्या जाहिरातींत 'लाइट हाउसकीपिंग' लिहिलेलं असतं ते याच अर्थानं, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. हॉटेलच्या मुलाखतीत हे जोरानंच कळतं. तसंच 'इंग्लिश टीचर': 'इंग्लिश'वर जोर म्हणजे इंग्रजी शिकवणारा, 'टीचर'वर जोर म्हणजे इंग्लंडचा शिक्षक, मग तो गणित का शिकवेना. 'ग्रीनहाउस'मध्ये पहिल्यावर जोर असेल तर रोपांचं काचघर, दोन्हींवर असेल तर हिरवं रंगवलेलं घर.

याला अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात. रस्त्यांच्या नावात 'स्ट्रीट' असेल तर जोर पहिल्या भागावर, पण 'रोड', 'ॲव्हेन्यू', 'स्क्वेअर' असेल तर शेवटच्यावर. म्हणजे पणजीचा '१८ जून रोड' इंग्रजीत म्हणताना वजन 'रोड'वर पडतं. इथं आपली सवय आपोआप बरोबर ठरते. पदार्थांत, पहिला शब्द कशापासून बनलं ते सांगत असेल तर जोर दुसऱ्यावर: 'प्रॉन करी', 'फ्रूट सॅलड', 'ॲपल पाय'. पण 'केक' आणि 'जूस' या नियमातून फुटून निघतात: 'चॉकलेट केक', 'ऑरेंज जूस' यांत जोर पहिल्यावर. का, याचं समाधानकारक कारण देता येत नाही. मेनू वाचून दाखवणाऱ्या वेटरनं हे दोन शब्द तेवढे वेगळे लक्षात ठेवावेत. 'आफ्टरनून'मध्येही जोर 'नून'वर.

काही जुने जोडशब्द इतके झिजले आहेत की सांधा फक्त स्पेलिंगमध्ये उरला आहे. 'कबर्ड'मध्ये कप आणि बोर्ड आहेत, पण पी गेला आणि 'बोर्ड'चं 'बड' झालं. 'ब्रेकफस्ट'मध्ये ब्रेक आणि फास्ट आहेत, दोन्हींचे स्वर आखडले. गोव्यात सगळ्यांच्या तोंडी असलेला 'ख्रिसमस' म्हणजे ख्राइस्ट आणि मास. टी मुका, पहिला स्वर ऱ्हस्व, दुसरा उदासीन, म्हणजे आखडलेला, पुसट 'अ'. मजा अशी की अशा शब्दांत ओळ तोडताना जुना सांधाच पाळतात: सी-यू-पी आणि बी-ओ-ए-आर-डी. कागद जुनं नातं धरून ठेवतो, जीभ ते कधीच विसरलेली असते.

जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांना यातले सगळ्यात अवघड शब्द भेटतात, आणि गोव्यात तसे तरुण कमी नाहीत. डेकवरच्या पथकाचा मुकादम 'बोसन': स्पेलिंगमध्ये पूर्ण 'बोट' आणि पूर्ण 'स्वेन', उच्चारात दोन छोटे सिलॅबल, टी आणि डब्ल्यू दोन्ही गायब. 'बोटस्वेन' म्हटलं की माणूस पुस्तकातून शिकलाय हे लगेच कळतं. होडीचं सुकाणू धरणाऱ्या 'कॉक्सन'चंही तेच. 'गनल' म्हणजे होडीची वरची कड. स्पेलिंग 'गन' आणि 'वेल' असं, उच्चार 'टनल'शी जुळणारा. 'फोक्सल' (जहाजाचा पुढचा भाग) तर स्पेलिंगवरून चार तुकड्यांचा वाटतो, 'फोर-कॅ-स-ल', आणि बोलताना दोनच. 'स्टारबर्ड'मध्ये (जहाजाची उजवी बाजू) शेवटचा भाग 'कबर्ड'सारखा मऊ, 'ब्लॅकबोर्ड'सारखा पूर्ण नाही. एकाच 'बोर्ड'चे असे दोन अवतार का? साधारणपणे शब्द जितका जुना आणि रोजच्या वापरातला, तितका दुसरा भाग झिजलेला. 'पोस्टमन'मधला 'मन' उदासीन स्वराचा, 'स्नोमॅन'मधला 'मॅन' पूर्ण. 'पोस्टमन', 'चेअरमन' हे आपण मराठीत लिहितो ते मूळ उच्चाराला बरेच जवळ आहे. शाळेत ते 'मॅन' करून शिकवतात तेव्हा उलट बिघडतं. अनेकवचन 'पोस्टमेन' लिहायला वेगळं, उच्चार बहुधा एकवचनासारखाच.

आणखी एक मराठी खोड. सांध्याच्या उजवीकडं ब, ड, ग असले की डावीकडचं कठोर व्यंजन आपण मृदू करतो: 'फुडबॉल', 'ब्लॅगबोर्ड', 'हाउझबोट'. 'वाक्'चा 'वाग्देवी'त ग होतो तीच ही सवय. इंग्रजीत टी, के, एस जागेवर कठोरच राहतात. त्यांना फोडायचं नाही, पण मृदूही करायचं नाही. 'गूझबेरी' आणि 'राझबेरी' हे झिजलेल्या गटातले अपवाद, तिथं झ बरोबर आहे. 'राझबेरी'च्या स्पेलिंगमधला पी मुका, तो म्हणायला जाऊ नका.

सरावासाठी लांब शब्द शेवटाकडून उभा करावा: पर्. की-पर्. हाउस्-की-पर्. लाइट्-हाउस्-की-पर्. सुरुवातीपासून म्हटलं तर दम आणि जोर दोन्ही शेवटी गोळा होतात. मागून म्हटलं की शेवट आधीच तोंडात बसलेला असतो आणि जोर पुढं ठेवायला मोकळीक मिळते. सोबत टेबलावर बोटानं दोनच ठोके द्यायचे, 'लाइट्'ला मोठा आणि 'की'ला लहान. चार ठोके देऊ नयेत, नाहीतर चारही सिलॅबल सारख्या वजनाचे होतात.

अनेकवचन विचारलं तर सावध. 'हाउस'चा शेवटचा आवाज एस, पण 'हाउसेस' लिहिलेलं 'हाउ-झिझ्' असं म्हणतात: मधला एस झ होतो आणि मुका ई बोलू लागतो. म्हणून 'लाइटहाउस' दोन सिलॅबल, त्याचं अनेकवचन तीन: लाइट्-हाउ-झिझ्. 'लाइटहाउस कीपर्स' मात्र चारच, कारण तिथला एस नुसता 'पर्'ला झ होऊन चिकटतो आणि नवा स्वर आणत नाही.